रंगपट्टीची टोकं कोणी ठरवली?

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईत कुलाब्याला झाला सुमारे 74 मिलिमीटर. आता या दिवसाचा पाऊस नकाशावर रंगवायला घ्या. फिक्यापासून गडद होत जाणारी निळी पट्टी, खालचं टोक शून्य. वरचं टोक कुठे?

944 वर ठेवलं, तर कुलाबा पट्टीच्या पहिल्या दहाव्या हिश्श्यात ढकलला जातो आणि जवळपास कोरडा दिसतो. महसूल खात्याच्या लेखी मात्र दिवसाला 65 मिलिमीटरच्या पुढे पाऊस गेला की अतिवृष्टी! बरं, हवामान खात्याची सर्वांत वरची श्रेणी जिथे सुरू होते, त्या 204.5 वर पट्टी थांबवावी, तर 210 आणि 944 यांना एकच निळा रंग मिळतो. एक शहर बुडवणारा पाऊस नकाशातून नाहीसा होतो. मी पट्टी 204.5 वरच थांबवेन, पण त्यापलीकडच्या आकड्यांना पट्टीत नसलेला वेगळा रंग देईन, आणि 944 हा आकडा तिथेच छापेन.

हा निर्णय माणसाने घेतला नाही, तर संगणक घेतो. आलेख काढण्यासाठी जगभर वापरलं जाणारं मॅटप्लॉटलिब काही न सांगितल्यास हाती आलेल्या आकड्यांतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा टोकांना बसवतं. एकट्या नकाशापुरतं हे चालून जातं. पण दुष्काळी वर्ष आणि भरघोस पावसाचं वर्ष शेजारी-शेजारी छापलं, की दोन्हीकडे गडद निळा दिसतो आणि त्याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा असतो. अशी जोडी छापणं ही वाचकाची फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. दोन्ही नकाशांना टोकं एकच हवीत.

सरासरीच्या तुलनेत कमी-जास्त दाखवताना पेच वाढतो. तूट उणे 100 टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही. वाढीला छत नाही. टोकं आकड्यांवर सोडली, तर शून्य पट्टीच्या मध्यावरून घसरतं आणि सरासरीइतका पाऊस झालेला जिल्हा तुटीच्या रंगात रंगतो. हवामान खातं इथे ठरीव कप्पे वापरतं: उणे 19 ते अधिक 19 टक्के म्हणजे सरासरीइतका, अधिक 60 आणि त्यापुढचं सगळं एका कप्प्यात. त्यात 61 टक्के आणि 300 टक्के एकत्र येतात, ही उणीव खरीच. तरी कप्पे दर आठवड्याला तेच राहतात, म्हणून जूनचा नकाशा ऑगस्टच्या नकाशाशेजारी ठेवता येतो.

ठरलेलं टोकही कधी अपुरं पडतं. जानेवारी 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याची तापमानाची पट्टी 50 अंशांवर संपत होती आणि अंदाज त्याच्या पुढे गेला. खात्याने पट्टी 54 अंशांपर्यंत वाढवली, त्यासाठी जांभळा आणि गुलाबी असे नवे रंग जोडले. आहे तीच पट्टी 54 पर्यंत ताणली असती, तर प्रत्येक जुन्या रंगाचा अर्थ बदलला असता आणि आदल्या उन्हाळ्यांशी तुलना करणं अवघड झालं असतं.