खेळ त्यांचा, सोफा आपला

‘द हंगर गेम्स’ म्हटलं की कॅटनिस आणि तिचा धनुष्यबाण आठवतो. पण सुझन कॉलिन्सच्या या कादंबरीतला (२००८) सगळ्यात भयंकर प्रसंग रणांगणात घडतच नाही. तो घडतो मेकअप करताना! चोवीसपैकी बावीस मुलं मेलीत, कॅटनिस वाचलीये. तिला पुन्हा टीव्हीसाठी नटवायला आलेली टीम नुसती चिवचिवतेय. अमुक झालं तेव्हा मी अजून अंथरुणातच होते, तमुक झालं तेव्हा माझ्या भुवया रंगवणं चाललं होतं... मेलेली मुलं या गप्पांत कुठेच नाहीत. गंमत म्हणजे ही माणसं दुष्ट नाहीत. कॅटनिसवर त्यांचा जीव आहे. त्यांच्यासाठी तो फक्त एक हिट सीझन होता, बस्स.

कॉलिन्सला ही कल्पना सुचली ती रात्री चॅनल बदलताना. एकीकडे रिअॅलिटी शो, दुसरीकडे इराक युद्धाचं फुटेज, आणि हातातला रिमोट एकच.

डिस्टोपियन, म्हणजे बिघडलेल्या भविष्याच्या गोष्टी हेच पुन्हा पुन्हा दाखवतात. माणूस रक्त बघून निर्ढावतो, त्याहून जास्त त्या रक्ताच्या पॅकेजिंगमुळे निर्ढावतो. अँकर हसरा हवा, स्पॉन्सर हवा आणि शेवट वेळेत व्हायला हवा. रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये (१९५३) फरार माँटागचा पाठलाग टीव्हीवर लाइव्ह चालू असतो. तो नदीतून निसटतो. आता प्रेक्षकांना किती वेळ ताटकळत ठेवणार? मग रस्त्यावर एकटाच फिरायला निघालेला कुणीतरी माणूस हेरला जातो आणि यांत्रिक कुत्रा त्याच्यावर सोडला जातो. कॅमेरा त्याचा चेहरा नीट दाखवतच नाही. एपिसोड संपला, लोक झोपायला मोकळे.

बधिर सगळेच होतात का, तर नाही. ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये निर्वासितांच्या बोटीवर बॉम्ब पडतो, आणि थिएटर खूश होतं. खालच्या रांगेतली एक बाई मात्र आरडाओरडा करते, हे पोरांसमोर काय दाखवताय म्हणून. पोलीस तिला बाहेर काढतात. कॅटनिसच्या डिस्ट्रिक्टमध्येही ती बहिणीच्या जागी स्वतः पुढे होते तेव्हा टाळ्या मागितल्या जातात, आणि एकही माणूस टाळी वाजवत नाही. कारण त्या चिठ्ठ्यांमध्ये त्यांच्याच पोरांची नावं असतात. कॅपिटॉलच्या पोरांची नसतात. सगळी गोम इथेच आहे.

आणि आपण? २०१३ मध्ये ‘कॅचिंग फायर’ सिनेमा आला तेव्हा एका कॉस्मेटिक ब्रँडने चक्क ‘कॅपिटॉल’ मेकअप कलेक्शन बाजारात आणलं. म्हणजे त्या भुवयावाल्या टीमचाच माल! ‘स्क्विड गेम’ने (२०२१) मुखवटे घालून माणसांच्या मरणावर पैजा लावणारे श्रीमंत व्हीआयपी दाखवले. दोनच वर्षांत नेटफ्लिक्सने त्यावर खराखुरा रिअॅलिटी शो काढला. तसेच हिरवे ट्रॅकसूट, ४५६ खरे स्पर्धक, ४५.६ लाख डॉलरचं बक्षीस. खरं सांगायचं तर, बघताना खिळवून ठेवतो. पहिल्याच खेळात जो बाद होईल, त्याच्या कपड्यांखाली काळ्या शाईची पिशवी फुटायची आणि तो मेल्यासारखा जमिनीवर पडायचा.