अपघाताआधीचा कायदा

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस, सालवड, पास्थळ, कुंभवली, कोलवडे या गावांच्या शिवाराला लागून तारापूर औद्योगिक वसाहत पसरलेली असून तिच्यात औषधनिर्मिती, रंग व रसायने, कापडप्रक्रिया आणि पोलाद असे परस्परांहून अगदी भिन्न स्वभावाचे उद्योग एकमेकांना खेटून चालतात. येथील कामगारांच्या जिवाची कायदेशीर जबाबदारी प्रथमतः कारखानदारावर असते आणि तो ती पार पाडतो की नाही हे पाहण्याचे काम राज्याच्या कामगार विभागातील औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते. पालघर जिल्ह्यात या कार्यालयाचे नाव बहुधा स्फोटाच्या दुसऱ्या दिवशीच्या बातमीत वाचायला मिळते. परंतु त्याच्या अधिकारांचा मोठा आणि अधिक मोलाचा भाग अपघात घडण्यापूर्वी वापरावयाचा आहे, आणि त्याच भागाची ओळख सामान्य वाचकाला सर्वांत कमी आहे.

या संचालनालयाबरोबर नेहमी गल्लत केली जाते ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. कारखान्याच्या कुंपणाबाहेर जाणारे सांडपाणी, धूर आणि घातक कचरा हा मंडळाचा विषय, तर कुंपणाच्या आत यंत्रापाशी, भट्टीपाशी किंवा रसायनाच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाची सुरक्षा आणि प्रकृती हा संचालनालयाचा विषय होय. येथून जवळच असलेल्या तारापूर अणुऊर्जा केंद्रात मात्र हेच काम अणुऊर्जा नियामक मंडळ करते, कारण अणुऊर्जा विभागाच्या आस्थापनांमध्ये कारखाना कायद्याची अंमलबजावणी त्या मंडळाकडे सोपवलेली आहे.

कारखान्यांवर सरकारी देखरेख असावी हा विचार मुंबई इलाख्याला नवा नाही. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ साली आला, आणि १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवले, तेव्हा त्यात साप्ताहिक सुटीबरोबरच कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तरतूद व्हावी अशी मागणी होती. स्वातंत्र्यानंतर १९४८चा कारखाना अधिनियम आला. १९८४च्या डिसेंबरात भोपाळमध्ये वायुकांड घडल्यावर १९८७ साली त्यात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून २०२० सालची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता अमलात येऊन तिने जुन्या अधिनियमाची जागा घेतली. तारापूरमधील आजवरची प्रकरणे जुन्या अधिनियमाखाली घडली आणि संहितेनेही त्यातील अनेक तत्त्वे पुढे चालवली आहेत, म्हणून जुन्या तरतुदी समजून घेणे आजही आवश्यक आहे.

या कायद्याच्या केंद्रस्थानी 'भोगवटादार' आहे. भोगवटादार म्हणजे कारखान्याच्या कारभारावर अंतिम नियंत्रण असलेली व्यक्ती. कंपनीच्या बाबतीत तो संचालकांपैकीच एक असावा लागतो, म्हणजे एखाद्या कनिष्ठ व्यवस्थापकावर सारे ढकलून मालकवर्गाला मोकळे होता येत नाही. कामगार ठेकेदारामार्फत आला असला तरी तो जुन्या अधिनियमाच्या व्याख्येनुसार त्या कारखान्याचाच कामगार ठरत होता. तारापूरसारख्या ठिकाणी, जेथे टाक्या धुणे, पिंपे हलवणे, दुरुस्ती करणे अशी सर्वांत जोखमीची कामे बहुधा ठेकेदाराच्या माणसांच्या वाट्याला येतात, तेथे या व्याख्येचे महत्त्व फार मोठे आहे.

संचालनालयाच्या निरीक्षकाला कारखान्यात प्रवेश करण्याचा, कागदपत्रे व यंत्रे तपासण्याचा, नमुने घेण्याचा आणि जबाब नोंदवण्याचा अधिकार असतो. त्याहून प्रभावी अधिकार जुन्या अधिनियमाच्या कलम ४०मध्ये होता. इमारतीचा, यंत्राचा किंवा संयंत्राचा एखादा भाग माणसाच्या जिवाला तात्काळ धोका निर्माण करणारा आहे असे दिसल्यास, योग्य दुरुस्ती होईपर्यंत त्याचा वापर बंद ठेवण्याचा लेखी आदेश निरीक्षक देऊ शकत होता. त्यासाठी अपघात घडलेला असण्याची गरज नव्हती, न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नव्हती. खटल्याचा मार्ग याच्या तुलनेत लांबचा आणि तोकडा आहे: गुन्हा निरीक्षकाच्या निदर्शनास आल्यापासून तीन महिन्यांत तक्रार दाखल करावी लागत होती, निकालाला वर्षे लागतात, आणि कलम ९२खाली कमाल शिक्षा दोन वर्षे कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही एवढीच होती, तर अपघातात मृत्यू झाल्यास दंडाची किमान रक्कम अवघी २५ हजार रुपये होती. धोकादायक प्रक्रियेसंबंधीच्या तरतुदी मोडल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती खरी. पण जो कामगार गेला त्याच्या घरी यांपैकी कशानेही काही परत येत नाही. म्हणूनच एखाद्या कार्यालयाने किती खटले भरले यापेक्षा किती धोकादायक संयंत्रे वेळीच थांबवली, हा त्याच्या कामाचा खरा निकष मानला पाहिजे.

तारापूरमध्ये या निकषाची गरज वारंवार दिसून आली आहे. ८ मार्च २०१८च्या रात्री वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात तिघांचा मृत्यू झाला आणि त्याचा हादरा कित्येक किलोमीटर अंतरावरील गावांना जाणवला. ११ जानेवारी २०२०च्या संध्याकाळी कोलवडे येथे बांधकाम सुरू असलेल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जण मरण पावले. २६ ऑक्टोबर २०२२ रोजी आणखी एका कारखान्यातील स्फोटात तीन कामगार दगावले, आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी एका औषधनिर्मिती कारखान्यातील वायुगळतीत चार कामगारांचा बळी गेला. यांतील कोलवड्याचे प्रकरण विशेष विचार करावयास लावते. जुन्या अधिनियमानुसार कारखान्याच्या आराखड्याला आधी मंजुरी घ्यावी लागत होती आणि जागा कारखाना म्हणून वापरात आणण्यापूर्वी किमान १५ दिवस लेखी सूचना द्यावी लागत होती. परंतु बांधकाम आणि उत्पादन यांच्या मधल्या काळात, जेव्हा गवंडी, वेल्डर आणि रसायन हाताळणारे एकाच आवारात असतात, तेव्हा देखरेख सर्वाधिक हवी असते आणि नेमकी तेव्हाच ती सर्वांत विरळ असण्याचा संभव असतो.

रासायनिक कारखान्यात माणसे अनेकदा दोन प्रकारांनी मरतात. पहिला प्रकार अनियंत्रित अभिक्रियेचा. रिअ‍ॅक्टर म्हणजे ज्यात रसायने मिसळून तापवली किंवा थंड केली जातात ते बंद भांडे; काही अभिक्रियांतून स्वतःहून उष्णता बाहेर पडते, आणि ढवळणी बंद पडली, थंड पाणी थांबले किंवा एखादा घटक घाईने ओतला गेला, तर उष्णतेमुळे अभिक्रियेचा वेग वाढतो, वाढत्या वेगाने आणखी उष्णता निर्माण होते आणि आतील दाब भांड्याला पेलवत नाही. दुसरा प्रकार बंदिस्त जागेचा आहे आणि त्यात आवाजही होत नाही. ज्वालाग्राही द्रावकांपाशी हवा पोहोचू नये म्हणून टाकीत नायट्रोजन भरतात. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि हवेतील सुमारे २१ टक्के प्राणवायूची जागा त्याने घेतली की आत उतरलेला माणूस काही समजण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. सांडपाण्याच्या टाकीतील हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो, पण त्याचे प्रमाण वाढताच नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. खाली पडलेल्या सहकाऱ्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि माणुसकीच्या त्या कृतीनेच मृतांची संख्या वाढते. कलम ३६ यासाठीच होते: सक्षम व्यक्तीने जागा तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय, किंवा श्वसनाचे योग्य साधन आणि बाहेरच्या माणसाच्या हाती टोक असलेला दोर बांधलेला पट्टा असल्याशिवाय, कोणालाही टाकीत उतरू देता येत नव्हते. एवढा एक नियम पाळला तरी किती संसार वाचतील!

कामाच्या ठिकाणी जडणारे आजार याहून अदृश्य राहतात. धोकादायक प्रक्रियेतील कामगाराची कामावर घेण्यापूर्वी आणि त्यानंतर किमान दर १२ महिन्यांनी वैद्यकीय तपासणी करणे बंधनकारक करण्यात आले. अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ आजार नमूद होते आणि त्यांपैकी एखादा आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही तो कळवावा असे बंधन होते. परंतु खोकला वाढला की ओडिशातील किंवा उत्तर प्रदेशातील कामगार गावी परततो आणि त्याच्या आजाराची नोंद बोईसरमध्ये राहत नाही.

प्रबोधन हाही संचालनालयाच्या कामाचा भाग आहे. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन, कारण १९६६ साली त्याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्यानिमित्त प्रतिज्ञा, भित्तिपत्रके आणि मॉक ड्रिल होतात. त्यांचा उपयोग भाषेवर ठरतो. सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावल्या पाहिजेत असे कलम १०८ सांगत होते. पाळीतील कामगार मराठी, हिंदी आणि ओडिया बोलणारे असताना फलक केवळ इंग्रजीत असेल, तर तो तपासणीसाठी लावलेला कागद ठरतो.

नव्या संहितेने निरीक्षकाला 'निरीक्षक-नि-सुलभक' असे रूप दिले आहे, म्हणजे चूक दाखवण्याबरोबर सल्ला देणे हेही त्याचे कर्तव्य झाले आहे. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० कामगार असले तरी सुरक्षा अधिकारी नेमावा लागेल, जेथे पूर्वी सामान्यतः ही मर्यादा १,००० होती. मृत्यूच्या प्रकरणातील दंड किमान पाच लाख रुपये झाला असून त्यातील निदान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. मात्र विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची अट दहावरून वीसवर नेली गेल्याने लहान रासायनिक घटक देखरेखीतून निसटण्याची भीती आहे, आणि अशा घटकांसाठी शासनाने स्वतंत्र अधिसूचनेचा अधिकार तत्परतेने वापरला पाहिजे.

वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांनाही कायद्याने हक्क दिलेला आहे. १९८९च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनुसार, मोठ्या अपघाताची शक्यता असलेल्या कारखान्याने शेजारच्या लोकांना धोक्याचे स्वरूप आणि अपघातसमयी काय करावे व काय टाळावे हे कळवले पाहिजे. बोईसर परिसरातील ग्रामपंचायतींनी ही माहिती मराठीत लेखी मागावी. कामगारांनी तात्काळ धोका दिसताच व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा आपला हक्क वापरावा. आणि संचालनालयाने प्रत्येक मृत्यूनंतरच्या चौकशीतून निघालेले तांत्रिक कारण, अमेरिकेचे रासायनिक सुरक्षा मंडळ करते तसे, सर्वांसाठी प्रसिद्ध करावे, जेणेकरून एका कारखान्यातील चूक शेजारच्या कारखान्यात पुन्हा होणार नाही.