क्रिटिकल पाथ, उसाची ट्रॉली आणि पंचगंगा

कोल्हापूरला पंचगंगेवरचा ब्रिटिशकालीन शिवाजी पूल थकला म्हणून शेजारी पर्यायी पूल बांधायला घेतला. बरंचसं काम उभंही राहिलं आणि मग वर्षानुवर्षं अडकून पडलं. अडलं ते सिमेंटवाचून नाही की सळईवाचून नाही. शेजारची ब्रह्मपुरी टेकडी हे संरक्षित पुरातत्त्व स्थळ, आणि २०१० साली दुरुस्त झालेल्या कायद्यानं अशा स्थळापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत कोसळली आणि १३ जणांचा जीव गेला. त्यानंतर चक्रं हलली आणि पर्यायी पूल पूर्ण झाला.

बांधकाम आणि वाहतूक नियोजनाच्या संगणकी पद्धतींचा आढावा या पुलापासून घेण्याचं कारण आहे, ते पुढं येईलच. आधी पद्धती पाहू. अमेरिकेत १९५७ च्या सुमाराला ड्यूपॉंट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथ पद्धत बसवली. पाठोपाठ १९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तिथल्या नौदलानं ‘पर्ट’ आणली. कल्पना सोपी आहे. कुठलं काम कशानंतर, त्याला किती दिवस, एवढं यंत्राला सांगायचं. ज्या कामांच्या साखळीत एका दिवसाचीही सवड नसते, ती साखळी, म्हणजेच क्रिटिकल पाथ, यंत्र काढून देतं.

साध्या बंगल्याचं पाहा. स्लॅब टाकला की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे चौदा दिवस काढायचे नाहीत, असं आयएस ४५६ सांगतं. तोवर खालच्या खोलीत गवंड्याला भिंतीचं काम नीट करता येत नाही. बाहेरच्या कंपाउंडला मात्र या काळात भरपूर सवड असते. अनुभवी मुकादमाला हे कागदाशिवाय कळतं, पण शंभर फ्लॅटच्या इमारतीत त्याची स्मरणशक्ती पुरत नाही. तिथं प्रायमावेरा किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारखं सॉफ्टवेअर लागतंच. नागपूर मेट्रोनं त्याच्याही पुढची फाइव्ह-डी बिम पद्धत वापरली. तिच्यात त्रिमितीय आराखड्याला वेळ आणि खर्च जोडलेला असतो. एखादा खांब पुढं ढकलला की तारीखही हलते आणि बिलही.

पण ‘पुरातत्त्व खात्याची परवानगी’ ही ओळ तक्त्यात भरायला कुठलंच सॉफ्टवेअर नाही म्हणत नाही. ती भरायचं धाडस माणसाला होत नाही, कारण तिच्यासमोर किती दिवस लिहायचे? मग ती गाळली जाते, तक्ता देखणा दिसतो आणि खरा क्रिटिकल पाथ फायलींच्या गठ्ठ्यात राहतो. माझ्या मते आपल्याकडच्या रखडलेल्या कामांत गणितापेक्षा ही गाळलेली ओळच जास्त नडते.

वाहतुकीच्या अंदाजांचंही असंच. कुठून किती फेऱ्या निघतील, कुठं जातील, कशानं जातील, कुठल्या रस्त्यानं जातील, ही चार पायऱ्यांची पद्धत १९५० च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागोच्या पाहण्यांतून घडली. टोलचा रस्ता बांधताना हेच आकडे पैशात मोडले जातात. कोल्हापूरच्या एकात्मिक रस्ते प्रकल्पात सुमारे ५० किलोमीटरचे शहरी रस्ते खासगीकरणातून झाले आणि २०१३ मध्ये टोलवसुली सुरू झाली. शहर पेटून उठलं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे नेते आंदोलनात पुढं होते. कामाच्या दर्जाबद्दल तक्रारी होत्याच, पण मूळ प्रश्न होता तो आपल्याच गावात शिरायला पैसे का मोजायचे हा. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये सरकारला टोल रद्द करावा लागला. टोल वाढला की किती गाड्या कमी होतील हे प्रारूप सांगू शकतं. आंदोलनाला शहरातल्या बिंदू चौकात किती माणसं जमतील हे त्याला विचारण्याची सोय नाही.

आता चौकाकडं वळू. सिग्नलचा काळ ठरवण्याचं इंग्लंडच्या वेबस्टरचं १९५८ चं सूत्र आजही शिकवलं जातं. सिग्नलच्या प्रत्येक फेरीत फुकट जाणारा वेळ घ्यायचा, त्याची दीडपट करायची, पाच मिळवायचे आणि चौक जितका रिकामा उरतो त्या अंशानं भागायचं. फुकट वेळ १६ सेकंद आणि चौक सत्तर टक्के भरलेला, तर फेरी सुमारे ९७ सेकंदांची. ऐंशी टक्के भरला तर १४५. नव्वदला २९०! चौक सत्तरचा नव्वद टक्के भरला नि सिग्नल एवढा का तुंबला, याचं उत्तर या भागाकारात आहे.

पण ‘भरलेला’ कसा मोजायचा? सगळी वाहनं मोटारीच्या मापात आणायची. १९९० च्या आयआरसी १०६ मध्ये दुचाकीला अर्धा ते पाऊण मोटार धरली आहे, रिक्षाला १.२ ते २, बस-ट्रकला २.२ ते ३.७ आणि ट्रॅक्टर-ट्रेलरला ४ ते ५. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावरून हिरव्या दिव्यात सेकंदाला साधारण एक मोटार सुटते, म्हणजे २५ सेकंदांच्या हिरव्यात पंचवीस. साडेचारच्या हिशेबानं पाच-सहा ट्रॅक्टर आले की संपलं. तेही कागदावर. आपल्याकडं एका ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन ट्रॉल्या असतात, उसाचे वाढे बाहेर लोंबत असतात आणि चढावर गाडी जागची हलायलाच वेळ लागतो. राजाराम साखर कारखाना कसबा बावड्यात, म्हणजे शहरातच. तिकडं जाणाऱ्या रस्त्यांचा मे महिन्यात घेतलेला सर्व्हे डिसेंबरात, उसाच्या हंगामात, काय कामाचा? परदेशी सिम्युलेशनही इथं थोडं अडखळतं. व्हिसिम या सॉफ्टवेअरच्या मुळाशी असलेलं वीडेमानचं १९७४ चं गणित एकामागून एक चालणाऱ्या गाड्यांचं आहे. कोल्हापुरात पापाच्या तिकटीला दुचाकी दोन रिक्षांच्या फटीतून जाते. लेन हा प्रकारच नाही. प्रारूपात आडव्या हालचालींचे आकडे बदलून ते जुळवता येतं, मात्र त्यासाठी चौकात उभं राहून मोजावं लागतं. २०१७ च्या इंडो-एचसीएम या भारतीय नियमपुस्तिकेनं निदान मापं तरी आपल्या रस्त्यांवर घेतली.

पुराचा हिशेब वेगळाच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि ट्रकांच्या रांगा लागल्या. २०२१ मध्ये तेच. जाळ्यातली एक कडी तोडून दुसरी जवळची वाट शोधणं संगणकाला क्षणाचं काम, डाइक्स्ट्राची रीत १९५९ पासून आहे. पण तो पर्यायी रस्ताही त्याच पाण्यात असेल तर? म्हणून पाण्याची पातळी आणि रस्त्याची उंची एकाच नकाशावर हवी. महामार्गाचा भरावच पाणी अडवतो, तिथं खांबांवरचा पूल करा, ही स्थानिकांची मागणी याच नकाशावर तपासता येईल. रस्तेवाले आणि जलसंपदावाले वेगवेगळ्या कचेऱ्यांत बसतात, एवढीच अडचण.

आता कॅमेऱ्यानं वाहनं मोजणं सोपं झालंय. सिव्हिलची पोरं लॅपटॉपवर हे करू शकतात. फक्त तयार मिळणारं प्रशिक्षित मॉडेल बहुधा कोको या चित्रसंग्रहावर शिकलेलं असतं, आणि त्याच्या ८० प्रकारांत मोटार, बस, ट्रक, सायकल आहे, रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं केलेल्या भारतीय रस्त्यांच्या संग्रहात रिक्षाला स्वतंत्र जागा मिळाली. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर एक वाहन म्हणून ओळखायला मात्र कुणीतरी कोल्हापुरातच शिकवायला हवं. त्यासाठी लागतील ती उसाच्या हंगामातली काही हजार छायाचित्रं: दिवसाची, रात्रीची, मागं लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्यांचीसुद्धा.