लिटमस म्हणजे कागद की पाणी?

नववीत असताना मी दहावीच्या एका ताईची लेखनिक झाले होते. ताई जन्मापासून दृष्टिहीन. ती सांगायची, मी लिहायचे. विज्ञानाच्या पेपरला तिने एका दमात सांगितलं, "आम्लात निळा लिटमस तांबडा होतो, आम्लारीत तांबडा निळा होतो." बाहेर आल्यावर मात्र तिने हळूच विचारलं, "अगं, लिटमस म्हणजे नक्की काय? कागद असतो की पाणी?"

प्रॅक्टिकलच्या तासाला तिला बाकावर बसवून ठेवत. ॲसिड, काच, बर्नर. उगाच काही झालं तर? हेतू वाईट नव्हता. पण दहा वर्षं विज्ञान शिकून तिने परीक्षानळी हातात धरली नव्हती.

गंमत म्हणजे, तिला जमला असता असा प्रयोग एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातच आहे. चिरलेला कांदा आणि स्वच्छ कापडाच्या पट्ट्या एका पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायच्या. सकाळी एका पट्टीवर विरल आम्लाचे थेंब टाकायचे, दुसरीवर विरल आम्लारीचे. पट्ट्या पाण्याने धुऊन वास घ्यायचा. आम्लाच्या पट्टीला कांद्याचा वास राहतो, आम्लारीच्या पट्टीचा जातो. व्हॅनिला इसेन्सचंही तसंच. यांना गंधदर्शक म्हणतात. इथे डोळ्यांचं काम नाक करतं, आणि उत्तर तितकंच खरं असतं.

बाकीच्या अडचणींवरही साधे उपाय आहेत. द्रव मोजायला सिरिंज घ्यायची आणि तिच्या दट्ट्यावर ठरावीक मापाला खाच पाडायची. खाच बोटाला लागली की माप झालं. बाटल्यांवर ब्रेल चिठ्ठ्या लावायच्या आणि सगळं सामान कडा असलेल्या ट्रेमध्ये ठरलेल्या जागी ठेवायचं. आकृतीसाठी शिंप्याकडचं दातेरी चाक चालतं. जाड कागदाखाली मऊ कापड ठेवून रेघेवरून चाक फिरवलं की मागच्या बाजूला ठिपके उठतात. फक्त आकृती उलटी काढायला विसरायचं नाही, नाहीतर हृदयाची डावी बाजू उजवीकडे जाईल! उजेड कमी-जास्त झाला की आवाज बदलणारी छोटी यंत्रंही असतात. परीक्षानळीतला द्रव गढूळ झाला, की ते कानाला कळतं.

"पण पुढे काय?" असं कोणी विचारेल. खेरात व्हर्मे हे नेदरलँड्समध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ लहानपणीच दृष्टी गमावून बसले. शंख-शिंपले बोटांनी चाचपून त्यांनी अभ्यास केला. खेकड्याने शंख फोडायचा प्रयत्न केला आणि आतल्या जीवाने तो पुन्हा सांधला, तर शंखावर व्रण राहतो. असे व्रण वाचत त्यांनी शिकारी आणि शिकार यांच्या उत्क्रांतीवर मोठं काम केलं आणि कॅलिफोर्नियात प्राध्यापक झाले. आपण समुद्रावर गेलो की तेच शंख पायाखाली तुडवतो.

आपल्याकडचं उदाहरण श्रीकांत बोल्ला यांचं. दहावीनंतर त्यांना विज्ञान शाखा नाकारली गेली. ते कोर्टात गेले, प्रवेश मिळवला, बारावीत ९८ टक्के मिळवले आणि पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकले. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपटही आला. पण प्रत्येक मुलाने प्रयोगशाळेत शिरायला कोर्टाची पायरी चढायची का?

आपण साहित्याचे विद्यार्थी, आपला यात काय संबंध? संबंध आहे. "आकृती पाहा" असं लिहून पुस्तक मोकळं होतं. ती आकृती शब्दांत सांगणं हे भाषेचं काम आहे. "हृदय साधारण आपल्या मुठीएवढं असतं, त्यात चार कप्पे, वरचे दोन पातळ भिंतींचे, खालचे दोन जाड" असं नेमकं, सोप्या मराठीत सांगून बघा. वाटतं तितकं सोपं नाही. आपल्या मंडळाने आठवी ते दहावीच्या आकृत्या अशा लिहून, वाचून, रेकॉर्ड करून दिल्या, तर कितीतरी मुलांना उपयोग होईल.

त्या दिवशी मी ताईला घाईघाईत सांगितलं, "कागद असतो, छोटी पट्टी." ती म्हणाली, "हो का?" आणि गप्प झाली. तिला पेपरात पूर्ण गुण मिळाले असतील. पण ती पट्टी तिच्या हातात द्यायची राहूनच गेली.