विंडोलांडा : रोमन छावणीचे दप्तर

रोमन सैन्याच्या लढाया इतिहासकारांनी भरभरून लिहून ठेवल्या. पण लढाई नसताना हजारो सैनिक दिवसभर काय करत, काय खात, कोणाला पत्रे लिहीत, हे सांगणारी साधने थोडी आहेत. त्यांतले एक अमूल्य साधन म्हणजे उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा या किल्ल्यात सापडलेले दप्तर.

लाकडावरचा मजकूर

1973 मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना इथल्या उत्खननात लाकडाचे पातळ तुकडे मिळाले. एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या, साधारण पोस्टकार्डाएवढ्या या पट्ट्यांवर काजळीच्या शाईने लॅटिन मजकूर लिहिलेला होता. ओलसर मातीच्या थरांखाली प्राणवायू पोचला नाही, म्हणून लाकूड कुजले नाही. पुसट झालेली अक्षरे अवरक्त छायाचित्रणामुळे वाचता आली. बहुतेक लेखन इ. स. 100 च्या आगेमागे झालेले आहे.

सैनिक कुठले?

इथे तैनात असलेल्या पलटणी रोम शहरातल्या नव्हत्या. बटेव्हियन सैनिक ऱ्हाइन नदीच्या मुखाकडचे, म्हणजे आजच्या नेदरलँड्सचे. टुंग्रियन आजच्या बेल्जियममधले. जिंकलेल्या प्रदेशांतून अशी साहाय्यक पथके उभारायची आणि दूरच्या सीमेवर ठेवायची, ही रोमची रीत होती. साधारण 25 वर्षांच्या चाकरीनंतर या सैनिकांना रोमन नागरिकत्व मिळे.

हजेरीपट

टुंग्रियन पलटणीचा 18 मेचा हजेरीपट टिकून आहे. पटावर 752 जण. त्यांपैकी 456 बाहेरगावी, त्यातले 337 एकट्या कोरिया या ठाण्यावर. सहा शतपतींपैकी पाच जण बाहेर होते. किल्ल्यात उरले 296. त्यांतले 15 आजारी, 6 जखमी आणि 10 जणांचे डोळे आलेले; म्हणजे कामाला धड असलेले 265. सीमेवरच्या पलटणीतही जखमींपेक्षा डोळ्यांच्या दुखण्याने अडकून पडलेले जास्त होते.

दुसऱ्या एका नोंदीत एका दिवशी कारखान्यांत 343 जण कामाला असल्याचे लिहिले आहे. त्यांत 12 चर्मकार आणि स्नानगृहाच्या कामावरचे 18 गवंडी आहेत. तलवारीइतकीच करवत आणि थापीही या सैनिकांच्या हातात असे.

रसद आणि पैसा

ऑक्टेव्हियस नावाचा एक पुरवठादार पत्रात रोख रकमेसाठी घायकुतीला आलेला दिसतो. त्याने धान्य घेऊन ठेवले आहे; किमान 500 दिनार आले नाहीत तर दिलेला सुमारे 300 दिनारांचा इसार बुडेल, असे तो कळवतो. रस्ते खराब आहेत, जनावरांना इजा होईल, म्हणून कातडी आणायला गेलो नाही, असेही तो लिहितो. मास्क्लस नावाचा घोडदळाचा अधिकारी वरिष्ठांकडे आपल्या माणसांसाठी बिअर मागतो. एका हिशेबात तर दोन दिनारांची मिरी आहे. त्या काळी रोमन बाजारात मिरी भारताच्या मलबार किनाऱ्यावरून जात असे.

किल्ल्यातल्या स्त्रिया

किल्ल्याचा प्रमुख फ्लेव्हियस सिरियालिस आपल्या कुटुंबासह राहत असे. त्याची पत्नी सल्पिशिया लेपिडिना हिला क्लॉडिया सेव्हेरा या मैत्रिणीने 11 सप्टेंबरच्या वाढदिवसाचे बोलावणे धाडले. पत्र लेखनिकाने लिहिले असले तरी अखेरच्या ओळी सेव्हेराच्या हातच्या आहेत. स्त्रीच्या हस्ताक्षरातील लॅटिनच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक मानला जातो.

सम्राट आणि भिंत

इ. स. 122 मध्ये सम्राट हेड्रियन ब्रिटनमध्ये आला. विंडोलांडाच्या थोडे उत्तरेला त्याच्या नावाची, समुद्रापासून समुद्रापर्यंत सुमारे 117 किलोमीटर लांबीची भिंत उभी राहिली. ती बांधली सैनिकांनीच. छड्यांचा मार खाल्लेल्या एका परदेशी माणसाच्या तक्रारीचा मसुदाही या दप्तरात आहे. मी निर्दोष आहे, दया करावी, अशी त्याची विनवणी बहुधा हेड्रियनलाच उद्देशून असावी.

या नोंदींचे मोल

मोठ्या विजयांनी साम्राज्य वाढते, पण ते टिकते ते धान्य वेळेवर पोचल्याने, हजेरी नीट लागल्याने आणि पगार चुकता झाल्याने. विंडोलांडाच्या नोंदींतून रोमची ही दुसरी ताकद दिसते. शिवाय ज्यांच्या नावाचा पुतळा कुठेही उभा राहिला नाही, त्या सामान्य माणसांना या नोंदींनी इतिहासात नावानिशी जागा दिली आहे. म्हणूनच रोमचा इतिहास वाचताना लढायांच्या वर्णनांइतकेच लक्ष या हिशेबांकडे आणि पत्रांकडेही द्यायला हवे.