प्यायलेली साखर

कोलाच्या ग्लासात दात टाकून ठेवला तर सकाळपर्यंत विरघळून जातो, असं शाळेत आम्ही एकमेकांना छातीठोकपणे सांगायचो. या गोष्टीला अगदीच आधार नाही असं नाही. 1950 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातले आहारशास्त्रज्ञ क्लाइव्ह मॅके यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली होती, की कोलात ठेवलेला दात दोन दिवसांत मऊ पडून विरघळू लागतो. कोलाचा सामू अडीचच्या आसपास असतो आणि सामू साडेपाचाच्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं झिजू लागतात. पण तोंडातला दात रात्रभर कोलात बुडून नसतो. लाळ येते, आम्ल धुऊन नेते, झीज थोडीफार भरूनही काढते. बाटली पुढ्यात घेऊन तासभर घोट घोट पीत बसलं, तर मात्र लाळेला ही सवड मिळत नाही.

तरीही दाताच्या या गोष्टीनं एक नुकसान केलंच. तिच्यामुळे आपण आम्लाला आणि गॅसला घाबरायला शिकलो, साखरेला नाही. गॅस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. ॲसिडिटीचा त्रास असेल तर तो नडतो, पोट फुगतं. एरवी गोटीच्या बाटलीतला साधा सोडा प्यायला कुणाला हरकत नसावी.

साखरेचं पाहा. कोलाच्या 330 मिलीच्या डब्यात सुमारे 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळपास नऊ चमचे. एवढी साखर घातलेला चहा कुणी पुढे केला, तर पहिल्याच घोटाला आपण कप खाली ठेवू. कोलातली आंबटी आणि गारवा ती गोडी लपवतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत असावी, 25 च्या आत राहिली तर उत्तम. पाहुण्यांपुढे ‘थंड’ म्हणून ठेवलेला एक डबा ही दुसरी मर्यादा ओलांडूनच येतो.

पण साखर तर लाडवातही असते. मग पेयाचाच एवढा बाऊ का? याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या एका छोट्या प्रयोगात आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 15 जणांना चार आठवडे रोज 450 कॅलरींच्या जेलीच्या गोळ्या दिल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरींचं गोड पेय. बाकी जेवण ज्याचं त्याच्या मर्जीनं. गोळ्या खाण्याच्या काळात ही माणसं नकळत तेवढं कमी जेवली. पेयाच्या काळात त्यांचं जेवण कमी झालं नाही आणि वजन वाढलं. चावून खाल्लेल्याची पोटानं नोंद घेतली, प्यायलेलं नोंदीतून सुटलं. लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्यांनंतर हात आपोआप थांबतो. जेवणावर कोल्ड्रिंक मात्र कुणाला जड होत नाही, ते याचमुळे.

शरीर मात्र ती साखर विसरत नाही. तिच्यातला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि तो निस्तरण्याचं काम मुख्यतः यकृताकडे जातं. पेयातून तो एकदम आणि रोज येऊ लागला, की यकृत त्याची चरबी करू लागतं. आपल्या लोकांनी हे अधिक मनावर घ्यायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. काटा दोघांनाही सडपातळच म्हणत होता. म्हणून ‘आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, पिऊ दे की’ हे ऐकलं, की मला काळजी वाटते.

2010 मध्ये तीन लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा रोज एक-दोन गोड पेयं पिणाऱ्यांमध्ये टाइप 2 मधुमेहाचा धोका क्वचित पिणाऱ्यांपेक्षा 26 टक्क्यांनी जास्त दिसला. अशा नोंदींवरून कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण वरचा प्रयोग आणि यकृताचं काम त्याच दिशेला बोट दाखवतात. डाएट पेयांत ही साखर नसते, आम्ल मात्र तेच. वजन उतरवण्यासाठी गोडीचे पर्याय वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सांगितलं आहे. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा ग्लास घेतला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते फ्रिजच्या दारात कायमची जागा मिळवलेल्या बाटलीमुळे.

आणि ती बाटली कोलाचीच असते असं नाही. खोक्यातल्या आंब्याच्या पेयात कोलाइतकी, कधी त्याहून जास्त साखर असते, पण फळाचं चित्र पाहून आपण ते निर्धास्तपणे डब्याबरोबर देतो. सरकारचा करही असाच फसतो. सप्टेंबर 2025 पासून साखर नसलेल्या डाएट कोलावर जीएसटी 40 टक्के आहे, तर साखर घातलेल्या, बुडबुडे नसलेल्या फळांच्या पेयावर 5 टक्के. ब्रिटननं 2018 मध्ये कर लावला तो थेट साखर मोजून: 100 मिलीमध्ये 5 ग्रॅम झाली की एक दर, 8 ग्रॅम झाली की त्याहून चढा. तिथल्या कित्येक कंपन्यांनी कर चुकवण्यासाठी पेयातली साखरच कमी केली.