लेबलवर ‘ब्लेंड’ लिहिताय? आधी प्रमाण लिहून ठेवा!



चहा, कॉफी, मसाला, तेल, कापड... ‘ब्लेंड’ हा शब्द आज सगळीकडे दिसतो. नवीन ब्रँड काढणारे बरेच जण तो लेबलवर टाकतात, कारण ऐकायला भारी वाटतो. पण त्याचा नेमका अर्थ काय?

‘मिक्स’ आणि ‘ब्लेंड’, दोन्ही म्हणजे मिसळणं. बोलताना लोक एकाच्या जागी दुसरा शब्द वापरतातही. पण फरक आहे. भेळ हे मिक्स: कुरमुरे, शेव, कांदा वेगवेगळे ओळखता येतात. गोडा मसाला हा ब्लेंड: धणे, तीळ, खोबरं, दगडफूल सगळं एकजीव होतं आणि जिभेला एकच चव लागते.

चहाचं बघा. आसामचा सीटीसी चहा रंग आणि कडकपणा देतो, दार्जिलिंगचा चहा सुगंध देतो. हंगामानुसार पानाची चव बदलते, म्हणून कंपन्या वेगवेगळे चहा जुळवून घेतात. माल बदलला तरी कपातली चव तीच! गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या खात्रीचे.

कापडात हाच शब्द धाग्यांसाठी येतो. पॉलिस्टर-कॉटन ६५:३५ म्हणजे ६५ टक्के पॉलिस्टर, ३५ टक्के कॉटन. भाषेतसुद्धा ब्लेंड असतो बरं का! ब्रेकफास्ट आणि लंच मिळून ‘ब्रंच’ झाला. ब्रँडचं नाव शोधताना ही युक्ती कामाला येते.

आता महत्त्वाचं. खाद्यपदार्थात ब्लेंडला कायद्याची चौकट आहे. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. दोन खाद्यतेलांच्या ब्लेंडमध्ये प्रत्येक तेल वजनाने किमान २० टक्के हवं, आणि ते सुटं विकता येत नाही. तुपात मात्र दुधाच्या स्निग्धांशाशिवाय दुसरं काही घालून ते तूप म्हणून विकताच येत नाही. ती सरळ भेसळ! ‘ब्लेंड’ लिहिल्याने ती झाकली जात नाही.

आणि हिशोब? समजा, ३०० रुपये किलोचा चहा ६० टक्के आणि २०० रुपयांचा ४० टक्के घेतला. सरासरी २५० धरू नका. १८० अधिक ८०, म्हणजे खरेदी २६० रुपये किलो पडली. १०० किलोमागे हजार रुपयांचा फरक! छोट्या धंद्यात तेवढ्यातच नफा गळून जातो.

म्हणून आजच एक वही करा. प्रत्येक लॉटची तारीख, कुठला माल, किती ग्रॅम, काय भाव, सगळं लिहा. प्रमाण फक्त डोक्यात असेल तर तो अंदाज. ते वहीत उतरलं आणि दर वेळी तीच चव आली, की मग खुशाल लेबलवर ‘ब्लेंड’ लिहा!